याकूबच्या गाडीला गिऱ्हाईक नाही

११ सप्टेंबर

भर दुखवट्यात गाडीचं विचारलं! याकूबला मातीत ठेवून आज तिसरा दिवस. इकडे आत बायका माझ्याभोवती बसलेल्या, कुणी कुराण वाचतेय, कुणी उगाच माझी पाठ चोळतेय. तिकडे दिवाणियात, पुरुषांच्या बैठकीत, कुणा एका माणसाने याकूबच्या थोरल्या मुलाचा, मुसाइदचा, हात हातात घेतला आणि म्हणाला, "अल्ला त्यांना जन्नत देवो. गाडीचं काय ठरवलंय?" एवढ्यावर थांबला नाही. आकडाही बोलला!

मुसाइदने त्याला कॉफीच्या पेल्यासकट बाहेर काढलं. त्याचा भाऊ अन्वर हे सांगायला आत आला, तर माझी बहीण नूरिया म्हणते कशी, "बरं केलं. पण पेला परत घेतलात ना?"

दोघीतिघी हसल्या. मीही हसले आणि मग एकदम रडू आलं. गेल्या तीन दिवसांतलं पहिलंच.

१४ सप्टेंबर

सगळे गेले. घर केवढं मोठं आहे हे आज कळलं.

आता चार महिने दहा दिवस मी आत. अत्तर नाही, काजळ नाही, मेंदी नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही. विधवेची इद्दत. नियमाचं मला काही वाटत नाही. जायचंय कुठे? बोलायला नूरिया रोज येते, पण नूरियाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या कैफान वस्तीला कळतं. म्हणून हे कागदाशी बोलणं.

२२ सप्टेंबर

आज मुसाइद आणि अन्वर दोघे बसले माझ्याजवळ. याकूबच्या पहिल्या बायकोची ही मुलं. ती गेली आणि मी या घरात आले, तेव्हा मुसाइद चौदाचा होता आणि अन्वर रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. दोघे मला खाला म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांना मी कधी सावत्र म्हटलं नाही, त्यांनीही मला कधी तसं वाटू दिलं नाही. पण आज मुसाइद माझ्याकडे न बघता बोलत होता.

याकूबने मागे ठेवलेल्या वस्तू दोनच — हे घर आणि ती गाडी. बँकेत काही नाही. सगळं गाडीत घातलं! वाटण्या तर कराव्याच लागणार. अन्वरला सरकारी भूखंड मिळालाय, त्यावर बांधायला काही नाही, बायको तिसऱ्यांदा पोटुशी आणि राहायला दोन खोल्या. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुसाइद म्हणाला, "खाला, आम्ही दोघांनी ठरवलंय. गाडी चांगल्या किमतीला गेली की ते पैसे आमचे. घर तुमचं आणि मिशारीचं. आमचा हिस्सा जास्त होतो, ते राहू दे."

"आणि नाही गेली तर?"

मुसाइद गालिच्याची झालर ओढत राहिला.

"बोल की रे!"

"तुमची इद्दत संपेपर्यंत या घराला कोणी हात लावणार नाही. तो तुमचा हक्क आहे."

"आणि नंतर?"

"नंतर घर विकावं लागेल, खाला."

अन्वर रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं. मग मी एकच अट घातली, माझ्या पोटच्या मिशारीला यातलं काही कळता कामा नये. वीस वर्षांचं पोर, बापाच्या सावलीत वाढलेलं. घराचं कळलं तर भावांच्या अंगावर धावून जाईल आणि एकदा शब्द गेला की गेला. गाडी तर विकली जाणारच आहे. कशाला भावाभावांत विष?

दोघांनी शपथ घेतली.

२३ सप्टेंबर

मिशारीला सांगितलं, भाऊ गाडी विकतायत.

"एवढी घाई?" म्हणाला. "युबाचा सदरा अजून दोरीवर आहे."

खरंच होता. याकूबचा तो सदरा मी काढायला विसरले होते.

२९ सप्टेंबर

गाडी अंगणात छपराखाली उभी आहे, कव्हर घालून. वरच्या मजल्यावरच्या जाळीतून दिसते. आज मिशारीने कव्हर काढून पुसली.

पिस्त्याचा रंग, त्यात सोन्याची झाक. जगात या रंगाची दुसरी नाही. नाहीच, कारण हा रंग माझा आहे. एका ईदला मी पायघोळ दर्रा घातली होती या रंगाची. याकूबने तिच्या बाहीचा तुकडा कापून इटलीला पाठवला! न विचारता! मी दोन दिवस बोलले नव्हते. वर्षाने गाडी आली तेव्हा सगळा मोहल्ला फाटकात, आणि हा माझ्याकडे बघून मिशीत हसतोय. गाडीच्या आतल्या बैठकीवर सोन्याच्या दोऱ्याने त्याचं नाव विणलेलं. नूरिया म्हणाली होती, "एक बायको गेली, दुसरी तू, ही तिसरी. हिचेच लाड जास्त."

मला मनातून किती बरं वाटलं होतं त्या रंगाचं! कधी त्याला सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर

बू तलाल येऊन गेला. जुन्या महागड्या गाड्या विकण्यात केस पांढरे झालेला दलाल, याकूबचा दोस्त. मुसाइदबरोबर गाडीभोवती फिरला. मी जाळीशी उभी राहून ऐकलं. त्याचा आवाज असा की ऐकायला कान लावावा लागत नाही.

"मुसाइद, पोरा, रंग देखणा आहे. पण हा रंग तुझ्या बापाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे ही गाडी घेऊन कोणी समुद्राकाठच्या रस्त्याला निघाला, की लोक काय म्हणतील? याकूबची गाडी चाललीय म्हणतील! एवढे पैसे मोजायचे आणि नाव दुसऱ्याचं? पांढरी असती, काळी असती, तर आज दुपारी विकून दिली असती."

"नाव तर उसवता येईल."

"उसव. भोकं राहतील."

 बू तलालने रुमालाने मान पुसली. "आणि ऐक. असल्या गाडीचं घोडं कुठे अडतं सांगू? ज्याला परवडते त्याला नवी कोरी पाहिजे. ज्याला जुनी चालते त्याला सांभाळायला परवडत नाही. नुसता क्लच बदलायचा तर इंजिन उतरवावं लागतं! मधे जे चार वेडे उरतात ना, ते शोधायचे."

शोधतो म्हणाला. चार वेडे. अल्लाला काय अवघड आहे?

९ ऑक्टोबर

एक वेडा आला. जाडा, उंची घड्याळ, सोबत दोन चुलतभाऊ. मुसाइद काही किंमत सांगेना. सांगायचीच नसते, गिऱ्हाइकाने बोलायचं आणि आपण तोंड वाकडं करायचं, हा बापाने शिकवलेला धडा. तो म्हणे तुम्ही बोला, मुसाइद म्हणे तुम्ही बोला. तीनदा चहा झाला. शेवटी तो जो आकडा बोलला तो दुखवट्यातल्या माणसापेक्षा खाली होता.

मुसाइदने नाक मुरडलं. मीही वर उभी राहून मुरडलं. दोघांनी मिळून गिऱ्हाईक घालवलं!

१७ ऑक्टोबर

आज तिघे तरुण आले, गाडीभोवती नाचायचेच बाकी. फोटो काय, उड्या काय! मला वाटलं झालं काम. मी आत जाऊन दोन रकात नमाजसुद्धा पढले.

त्यांना नंबर हवा होता. नुसती नंबरची पाटी. इथे छोट्या नंबराला सोन्याचा भाव. याकूबला तो छोटा नंबर तरुणपणी कुणी तरी दिलेला. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं, पाटीचे फोटो काढत होते.

मुसाइद संतापला. पण रात्री तिघा भावांनी मिळून ठरवलं, नंबर द्यायचा आणि आलेलं सगळं बापाच्या नावाने आफ्रिकेत विहीर खोदायला द्यायचं. त्यात कोणी वाटा मागितला नाही. मिशारीच म्हणाला, विहीर. मला तिघांचाही अभिमान वाटला.

२१ ऑक्टोबर

पाटी काढली. गाडीच्या तोंडावर चार भोकं. बघवत नाही.

२२ ऑक्टोबर

कोणी नाही.

२ नोव्हेंबर

दर शुक्रवारी मिशारी इंजिन चालू करतो, बॅटरी बसू नये म्हणून. आज मी स्वयंपाकघरात कांदा परतत होते आणि तो आवाज आला. मी हात पुसत दाराकडे निघाले! याकूब आला असं वाटून. अर्ध्या वाटेत आठवलं.

कांदा जळला. मिशारीने मचबूस भात तसाच खाल्ला. हल्ली तो बोलतच नाही. सोमवारच्या दिवाणियात बापाच्या जागी बसतो, लोकांना कॉफी ओततो, वर येऊन झोपतो. मी म्हटलं, "एवढी माणसं येतात, गाडीबद्दल एखादा शब्द टाक ना! बाकीचे दोघे जिवाचं रान करतायत."

"करू देत," म्हणाला.

असा राग आला!

८ नोव्हेंबर

ज्या कंपनीने याकूबला लिहून दिलं होतं, "यानंतर अशी गाडी होणे नाही," त्या कंपनीने नवी आणली. तशीच. अजून ताकदीची, अर्धी विजेवर चालणारी. बू तलाल फोनवर मुसाइदला म्हणाला, "तुमच्या शेवटच्या लेकीला धाकटी बहीण झाली. मुबारक!"

मी विचारलं, लिहून दिलेलं दाखवून भांडता येत नाही का? मुसाइद म्हणाला, "खाला, त्यांनी शब्द फिरवलाय थोडासा. म्हणतात ही वेगळी."

१३ नोव्हेंबर

पाऊस. अंगणात तळं. गाडीला कव्हर आहे.

१९ नोव्हेंबर

आता हे नवीन! बू तलालने आज खाली मान घालून सांगितलं. बाजारात बोललं जातंय की गाडीचं डावं दार परत रंगवलंय. याकूबने फुटपाथला घासली होती आणि गुपचूप शारजाला नेऊन काम करून आणलं म्हणे!

"कोण म्हणतं?" मुसाइद ओरडला.

"कोण काय, सगळेच म्हणतात. आपल्याकडे कसं आहे ते तुला माहीत आहे. इंजिन बदललेलं चालेल, बायको बदललेली चालेल, पण रंग फॅक्टरीचाच पाहिजे. दाराला रंग म्हटलं की लोक समजतात आख्खी गाडी चिखलात लोळून आली."

खोटं! याकूबने ही गाडी कधी फुटपाथच्या आसपास नेली नाही. गतिरोधक आला की मला उतरवून पुढे चालत पाठवायचा, खालून घासत नाही ना बघायला! मी, या वयात, अबाया सावरत रस्त्यात वाकून बघतेय! शेजारी हसायचे. आणि म्हणे शारजा.

मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात. तो येऊन सांगू शकत नाही म्हणून.

२० नोव्हेंबर

झोप नाही. कोणी उठवली असेल ही हूल? नूरियाचा संशय त्या दुखवट्यातल्या माणसावर. अपमान झाला त्याचा, म्हणून सूड. मला अन्वरच्या बायकोचा भाऊ वाटतो, गाड्यांतच असतो तो. मग वाटतं, त्याला काय मिळणार? त्याच्याच बहिणीचं नुकसान.

कुणावर संशय घ्यायचा हाच आता माझा उद्योग झालाय.

२६ नोव्हेंबर

ते यंत्र घेऊन आले. पत्र्याला टेकवायचं, रंग किती जाड आहे ते दाखवतं. एक गिऱ्हाईक, त्याचा माणूस, बू तलाल, मुसाइद. डाव्या दाराला लावलं, आकडा मोठा. मला वरून सगळ्यांचे चेहरे दिसले. मुसाइदने यंत्र हिसकावून उजव्या दाराला लावलं. तोच आकडा. टपाला, बॉनेटला, सगळीकडे तोच. खास रंग आहे, इतर गाड्यांपेक्षा तीन थर जास्तीचे, असणारच ना जाड!

मुसाइद म्हणाला, "बघा! सगळीकडे सारखा. म्हणजे कंपनीचाच."

तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "किंवा सगळीच परत रंगवलेली."

कंपनीचं इटलीहून आलेलं पत्र दाखवलं. चष्मा लावून वाचलं, घडी घातली, परत दिलं. "कागद काय, कागद मिळतात," म्हणाला. सलाम करून गेला.

१ डिसेंबर

आता जे येतात ते गाडी बघायला येत नाहीत, दार बघायला येतात.

५ डिसेंबर

अन्वर आला होता, नमाजनंतर, बायकोला घेऊन. माझ्या पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "खाला, माझं घर नाही बांधलं तर काय होतं? राहतोच आहोत."

दारात त्याची बायको उभी होती, हात कमरेवर, पोट पुढे आलेलं.  तिला बोलायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या बापाचं आहे त्यात तुझं आहे. मी घेतलं तर मला पचणार नाही."

मोठी उदार! तो गेल्यावर मी प्रत्येक खोलीत जाऊन उभी राहिले. मिशारी जन्मला ती खोली. भिंतीला याकूबच्या डोक्याच्या तेलाचा डाग, तो टेकून बसायचा तिथे. दर वर्षी मी रंगवायला निघायचे आणि दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी.

हे घर माझ्या हातातून जाणार. आज पहिल्यांदा स्पष्ट लिहिते आहे.

९ डिसेंबर

मुसाइद, ज्याने आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, तो त्या दुखवट्यातल्या माणसाला शोधत गेला. वाळवंटात तंबू ठोकून बसला होता तो, थंडीचे दिवस, सगळा कुवेत तिकडेच. मुसाइदने माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने बसवलं, जेवू घातलं, आणि म्हणाला, "भाऊ, तेव्हा मी बोललो ते मनापासून बोललो. तुझ्या वडिलांची गाडी मला लहान पोरासारखी हवी होती. पण तीन महिने झाले, एवढे लोक बघून परत गेले. काहीतरी असणारच ना?"

दुखवट्यात तो बोललेला आकडाच सगळ्यात मोठा होता. त्यानंतर एकही त्याच्या जवळ आला नाही.

आणि मुसाइद म्हणतो हूल याने उठवलेली नाही, डोळ्यांत बघून कळलं. मग कोणी?

१५ डिसेंबर

मी काय करून बसले!

आज बू तलाल शेवटचा म्हणून एक माणूस घेऊन आला होता. बरा वाटत होता. गाडीत बसला, हात फिरवला, खूश. मिशारीही होता अंगणात, लांब भिंतीला टेकून. व्यवहार होणार असं दिसत होतं. तेवढ्यात तो उतरून त्या डाव्या दाराशी वाकला आणि हसला. म्हणाला, "रंगारी मात्र चांगला गाठला होता म्हाताऱ्याने."

मला काय झालं माहीत नाही. मी जाळी उघडली आणि ओरडले. इद्दतीतली बाई! डोक्यावरची ओढणी धड नाही!

"खोटं आहे! माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणाला फसवलं नाही! कोण म्हणतं त्याला माझ्यासमोर आणा!"

सगळे पुरुष जमिनीकडे बघायला लागले. परक्या बाईकडे बघू नये म्हणून.  तो माणूस "माफ करा, माफ करा" करत उलट्या पावली फाटकाबाहेर गेला. मुसाइद तिथेच खाली बसला.

मिशारी पांढराफटक पडला होता. थोड्या वेळाने वर आला, दाराला धरून उभा राहिला. "युम्मा, तू कशाला... एका गाडीसाठी..."

"एका गाडीसाठी?" मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या नावासाठी! तुझं रक्त गोठलंय का रे? तो तुझ्यासमोर बोलला आणि तू भिंतीला टेकून उभा!"

 मग गेला निघून. माझी लाज वाटली असेल त्याला.

१६ डिसेंबर

नूरिया आली. सगळ्यांना कळलंय. म्हणाली, "चांगलं ओरडलीस. मी असते तर चप्पलही फेकली असती." मग माझ्या केसांना तेल लावत बसली, एरवी कधी न बसणारी. म्हणाली, "माझ्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. जिना उंच आहे एवढंच."

म्हणजे घर जाणार हे तीही धरून चाललीय.

२४ डिसेंबर

बाहेर पडता येत नाही ते बरं आहे. तोंड कुठे दाखवणार?

३१ डिसेंबर

घर बघायला माणसं आली. व्यवहार इद्दत संपल्यावरच, असं मुसाइदने त्यांना आधीच बजावलंय. मी आतल्या खोलीत दार लावून बसले. एक बाई म्हणाली, "ही भिंत पाडली की दिवाणखाना मोठा होईल." कुठली भिंत ते मला आतून कळलं.

मिशारी कॉलेजात होता. त्याला अजून काही माहीत नाही. परीक्षा संपली की सांगायचं असं मुसाइदने आणि मी ठरवलंय. काय सांगायचं आणि कसं, ते दोघांनाही सुचत नाही.

५ जानेवारी

घराला गिऱ्हाईक मिळालं. आठवड्यात!

गाडीला चार महिन्यांत नाही.

१५ जानेवारी

इद्दत संपली. नूरियाने अत्तर आणलं. लावलं आणि लगेच धुऊन टाकलं.

संध्याकाळी उंबरा ओलांडला आणि पहिल्यांदा खाली अंगणात गेले. गाडीच्या दाराला हात लावला, डाव्या. गार होतं. किती सुंदर रंग आहे अजून.

१६ जानेवारी

बहरीनचा एक दलाल घेतोय. तिकडे कुणाला याकूब माहीत नाही, शारजाची गोष्ट माहीत नाही. जो आकडा तो बोलला तो मी इथे लिहिणार नाही. मुसाइदने मान हलवली. बू तलालने स्वतःची दलाली घेतली नाही, म्हणाला, "दोस्ताच्या गाडीवर मी कमावलं नाही, एवढं तरी मला वर सांगता येईल." त्या पैशांत अन्वरच्या घराचा पायासुद्धा होणार नाही. घर विकण्याच्या कागदावर मी आज सही केली. 

१८ जानेवारी

सकाळी ट्रक आला. गाडी वर चढवली, पट्टे आवळले, नेली. मिशारी फाटकातून हलेना. मी म्हटलं, "चल आत, मलाही सामान बांधायला हात हवाय. रविवारी घर सोडायचंय." अनवधानाने तोंडून गेलं.

"घर?" म्हणाला.

सांगितलं मग सगळं. मुसाइदचा शब्द, अन्वरचा भूखंड, गाडीच्या बदल्यात घर. तो ऐकता ऐकता जमिनीवर बसला.

"रंगाचं मी पसरवलं, युम्मा. दिवाणियात. शारजाचं मीच सांगितलं. परक्या माणसाने युबाच्या जागेवर बसलेलं मला बघवलं नसतं. वाटलं, कोणी घेतली नाही की राहील इथेच, आपल्याजवळ."

मग माझ्या अबायाचा काठ धरून एकच विचारत राहिला, "मला का नाही सांगितलंत? घराचं मला का नाही सांगितलंत?"